विमानात धूर झाला, तर तो बाहेर काढतात कसा?

जानेवारी 2025 च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एक एअरबस विमान उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर यायला लागला आणि बघता बघता छप्पर पेटलं. आतले 176 जण घसरगुंड्यांवरून खाली उतरले आणि वाचले. तपासात संशयाचं बोट एका पॉवर बँकेकडे गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझौहून सोलकडे निघालेल्या एअर चायनाच्या विमानात हातातल्या सामानातली बॅटरी भर उड्डाणात पेटली. ते विमान वाट सोडून शांघायला उतरवावं लागलं.

अशी बातमी आली की दोन प्रश्न ठरलेले असतात. एवढा धूर झाला तर खिडकी का नाही उघडत? आणि वरून ते पिवळे मास्क का नाही सोडले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण विमानात हवा येते कशी आणि जाते कशी हे समजल्याशिवाय त्यांची उत्तरं पटत नाहीत. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

हवा येते कुठून, जाते कुठे

बऱ्याच जणांना वाटतं की विमान म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. दार लागलं की आतली हवा आत, आणि तीच सगळ्यांनी मिळून तासन् तास वापरायची. तसं असतं तर धूर काढण्याचा विषयच संपला असता.

प्रत्यक्षात विमान म्हणजे बारीक भोक पडलेली सायकलची ट्यूब, जिला कुणीतरी सतत पंप मारत बसलंय. भोकातून हवा जात राहते, पंपाने येत राहते, आणि दोन्हींचा मेळ बसला की ट्यूब फुगलेली राहते. विमानातला पंप म्हणजे इंजिन. इंजिनाच्या पुढच्या भागात बाहेरची हवा दाबली जाते, त्यातला थोडा वाटा केबिनसाठी वळवतात. ही हवा चांगलीच तापलेली असते. तिला थंड करून योग्य दाबाला आणणारी यंत्रं विमानाच्या पोटात असतात, त्यांना ‘पॅक’ म्हणतात. बहुतेक विमानांत असे दोन पॅक असतात. बोइंग 787 मात्र इंजिनातून हवा घेत नाही, तिथे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर हे काम करतात.

ट्यूबचं भोक म्हणजे ‘आउटफ्लो व्हॉल्व्ह’. ही विमानाच्या अंगावरची एक झडप, बहुधा मागच्या बाजूला खाली असते. ती कमीजास्त उघडून आतला दाब सांभाळला जातो. 35,000 फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाव असतो आणि तापमान उणे पन्नास अंशांच्याही खाली. आत मात्र सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा दाब ठेवलेला असतो.

केबिनमध्ये हवा छताजवळून येते आणि दोन्ही कडांना, पायांशी असलेल्या जाळ्यांतून खाली जाते. पुढून मागे असा तिचा प्रवास फारसा होत नाही. प्रत्येक रांगेची हवा साधारण तिथल्या तिथे वरून खाली वाहते. संपूर्ण केबिनची हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. मात्र ही सगळी ताजी नसते. साधारण निम्मी बाहेरची, आणि निम्मी केबिनचीच, बारीक फिल्टरमधून गाळून पंख्यांनी परत पाठवलेली.

म्हणजे धूर बाहेर टाकायची यंत्रणा विमानात वेगळी बसवावी लागत नाही. ती सुटल्यापासून उतरेपर्यंत चालूच असते. संकटात वैमानिक जे करतो ते एवढंच, की या प्रवाहाचा जोर आणि रोख बदलतो. ऐकायला सोपं वाटतं. पण हा रोख चुकला तर काय होतं, ते पुढे येईलच.

जाता जाता एक गोष्ट. दमट हवेच्या ठिकाणी विमान सुटण्याआधी छताच्या फटींतून पांढरे लोट खाली येताना दिसतात आणि नवखा प्रवासी घाबरतो. तो धूर नसतो. थंड हवेने आतल्या बाष्पाचं केलेलं धुकं असतं. त्याला वास नसतो आणि ते गुडघ्यापर्यंत येईतो विरून जातं.

धूर कुठला, यावर सगळं ठरतं

खरा धूर अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचा उपाय निराळा.

पहिली वाट खुद्द पंपाची. इंजिनातलं तेल गळून दाबलेल्या हवेत मिसळलं तर ताजी म्हणून येणारी हवाच धूर घेऊन येते. 2023 साली साउथवेस्ट कंपनीच्या दोन बोइंग 737 मॅक्स विमानांत हेच झालं. दोन्हींना पक्षी धडकले. इंजिनाला जबर हादरा बसल्यावर त्याची मोडतोड पसरू नये म्हणून असलेली एक रचना सुटली आणि तेल गरम हवेच्या वाटेत गेलं. मार्चमध्ये हवानाहून निघालेल्या विमानात बिघाड उजव्या इंजिनात होता, धूर प्रवाशांकडे आला. डिसेंबरमध्ये न्यू ऑर्लीन्सहून निघालेल्या विमानात बिघाड डाव्या इंजिनात होता, आणि धूर थेट कॉकपिटमध्ये भरला. फरक का पडला? या विमानात कॉकपिटची हवा डाव्या बाजूच्या पॅककडून येते, म्हणून. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. पण जून 2025 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, याबद्दल तातडीच्या शिफारशी केल्या. अशा वेळी उपाय एकच: ज्या बाजूने धूर येतोय त्या बाजूची हवा तोडायची आणि दुसऱ्या पॅकवर विमान चालवायचं. वाट बंद झाली की उरलेला धूर काही मिनिटांत निघून जातो.

दुसरी वाट केबिनमधल्या वस्तूची: ओव्हन, टॉयलेटमधला कचऱ्याचा डबा, आणि हल्ली मुख्यतः लिथियम बॅटरी. इथे धूर काढण्याआधी तो निर्माण होणं थांबवावं लागतं. बॅटरीचं दुखणं असं की एक सेल तापून फुटला की त्याची उष्णता शेजारच्याला फोडते. अग्निशामकाने ज्वाळा विझतात, उष्णता राहतेच, आणि थोड्या वेळाने ती पुन्हा पेट घेते. म्हणून केबिन क्रू आधी अग्निशामक वापरतात आणि मग पाणी ओततात. पाणी, सरबत, हाताशी जे असेल ते. ते विझवण्यासाठी नव्हे, गार करण्यासाठी. पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू नका, जवळ ठेवा, असं अनेक विमान कंपन्या आता सांगतात त्याचं कारण हेच. चार बॅगांच्या खाली दबलेल्या बॅटरीवर पाणी ओतणार कसं?

तिसरी वाट पोटातल्या सामानकक्षाची. आणि चौथी, सगळ्यांत वाईट, भिंतीच्या किंवा छताच्या आतल्या तारांची. तिथे आग दिसत नाही, हात पोचत नाही, आणि धूर जिथून बाहेर पडतो तिथे ती असेलच असंही नाही.

पहिल्या दोन मिनिटांत कॉकपिटमध्ये

वैमानिक सर्वांत आधी स्वतःचा मास्क चढवतात. स्वार्थीपणा वाटेल, पण विमान उतरवणारे दोघे बेशुद्ध झाले तर बाकी कशालाच अर्थ उरत नाही. त्यांचा मास्क प्रवाशांच्या मास्कपेक्षा अगदी वेगळा असतो. एका हाताने पाच सेकंदांत डोक्यावर बसतो, शंभर टक्के ऑक्सिजन देतो, आणि आतून थोडा जास्त दाब ठेवतो, म्हणजे फटीतून धूर आत शिरायच्या ऐवजी ऑक्सिजनच बाहेर जातो. डोळ्यांवर गॉगल किंवा पूर्ण चेहरा झाकणारी काच असते. केबिन क्रूकडे डोक्यावरून ओढायची टोपी असते, तिच्यात साधारण पंधरा मिनिटं श्वास घेता येतो.

मग बहुतेक चेकलिस्टवर सुरुवातीलाच एक बटण येतं: हवा परत फिरवणारे पंखे बंद. फिल्टर धुराचे कण गाळतो हे खरं. पण कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड असे वायू त्यातून आरपार जातात, आणि पंखे एका रांगेतला धूर दहा रांगांत वाटून टाकतात. पंखे थांबले की आत येणारी सगळी हवा बाहेरचीच. त्याच वेळी पॅक जास्त प्रवाहावर टाकतात.

इथे थोडं गणित आहे आणि ते मजेशीर आहे. केबिनमध्ये जेवढी हवा मावते तेवढी ताजी हवा आत आली की धूर संपला, असं होत नाही. ताजी हवा धुराला ढकलत नेत नाही, त्याच्यात मिसळते, आणि बाहेर जाते ती ही मिसळलेली हवा. पूर्ण मिसळण धरलं तर केबिनभर ताजी हवा आल्यावरही सुमारे 37 टक्के धूर शिल्लक असतो. तिप्पट हवा आल्यावर 5 टक्के. म्हणजे दाट धूर विरळ व्हायला अनेक मिनिटं जातातच, आणि तेही धुराचा उगम बंद झाला असेल तर. उगम चालू असेल तर एका बाजूने उपसा, दुसऱ्या बाजूने भरणा.

कॉकपिटसाठी निकष जास्त कडक आहे. नवं विमान मंजूर करताना चाचणीत कॉकपिट खोट्या धुराने भरतात आणि तीन मिनिटांत तो इतका कमी व्हावा लागतो की वैमानिकांच्या कामात अडथळा येऊ नये. शिवाय कॉकपिटचा दाब केबिनपेक्षा किंचित जास्त राहील अशी रचना असते, म्हणजे दाराच्या फटीतून हवा कॉकपिटकडून केबिनकडे जाईल, उलट नाही.

मग खिडकी का नाही उघडत?

35,000 फुटांवर आत आणि बाहेर दाबाचा जो फरक असतो त्याने भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाच टनांहून जास्त जोर पडतो. बहुतेक विमानांचं दार या जोराने चौकटीत आणखी घट्ट बसतं. माणसाच्या ताकदीने ते हलत नाही. आणि समजा हललं, तर? त्या उंचीवर दाब गेला की ऑक्सिजनशिवाय माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो. धुराने मरायच्या ऐवजी हवेवाचून मरायचं, एवढाच काय तो फरक.

पण खिडकी कधीच उघडत नाहीत असंही नाही. क्रम असा. आधी विमान 10,000 फुटांपर्यंत खाली आणायचं; वेगाने उतरवलं तर पाचेक मिनिटं लागतात. या उंचीला बाहेरची हवा श्वासाला पुरते, त्यामुळे आतला दाब टिकवायची गरज उरत नाही. आता आउटफ्लो व्हॉल्व्ह पूर्ण उघडता येतो. एअरबस ए320 सारख्या विमानात बाहेरची हवा थेट आत घेणारा एक झरोका असतो, पॅक बंद करून तो उघडतात आणि विमानाच्या वेगानेच हवा आत घुसते. एवढ्यानेही भागलं नाही तर वेग कमी करून, ए320 मध्ये जास्तीत जास्त 200 नॉट म्हणजे ताशी सुमारे 370 किलोमीटर, कॉकपिटची बाजूची सरकती खिडकी उघडायची मुभा आहे. प्रवाशांच्या खिडक्या कोणत्याच विमानात उघडत नाहीत. 787 मध्ये तर कॉकपिटच्याही उघडत नाहीत.

कॉकपिटची खिडकी हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो दुधारी आहे. बाहेरून वेगाने जाणारा वारा आतली हवा ओढून घेतो. म्हणजे धूर बाहेर जातो हे खरं, पण तो सगळीकडून कॉकपिटकडे खेचला जाऊन मग बाहेर जातो. आवाजही इतका होतो की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. 11 जुलै 1973 ला रिओहून पॅरिसला आलेल्या व्हॅरिग कंपनीच्या बोइंग 707 मध्ये मागच्या टॉयलेटमधून आग पसरली. कॉकपिटमध्ये धूर इतका झाला की वैमानिकांनी बाजूच्या खिडक्या उघडल्या, बाहेर बघत बघत धावपट्टीच्या पाच किलोमीटर अलीकडे शेतात विमान टेकवलं. उतरवणं म्हणून ते अचाट काम होतं. पण 134 पैकी 123 जण दगावले, बहुतेक धुराने. वाचलेल्या 11 जणांत 10 कर्मचारी होते.

हवा चालू ठेवायची की तोडायची?

माझ्या मते या विषयाचा खरा गाभा इथे आहे. वाऱ्याने आग भडकते, हे कुणीही सांगेल. मग विमानात आग असताना ताजी हवा आत ढकलत राहायचं, हा उफराटा कारभार नाही का?

2 जून 1983. एअर कॅनडाचं डीसी-9, डल्लासहून टोरांटोकडे निघालेलं, आत 46 जण. मागच्या टॉयलेटपाशी धूर दिसला. सहवैमानिकाने अगदी हाच विचार केला: हवा आगीला खतपाणी घालतेय, म्हणून त्याने दोन्ही पॅक बंद केले. क्रूने प्रवाशांना पुढच्या रांगांत आणून बसवलं, ओले टॉवेल वाटले आणि ते तोंडावर धरून श्वास घ्यायला सांगितलं. इकडे पुढे सहवैमानिक कॉकपिटची खिडकी उघडून बघत होता, पण आवाज इतका की लगेच बंद करावी लागत होती. विमान सिनसिनाटीला सुखरूप उतरलं. दारं उघडली. साठ ते नव्वद सेकंदांत आतली तापलेली हवा एकदम पेटली. 23 जण बाहेर पडले, 23 आतच राहिले. एनटीएसबीच्या अहवालाने पॅक बंद केल्याबद्दल स्पष्ट म्हटलं: हवेचा प्रवाह थांबल्याने धूर, उष्णता आणि विषारी वायू केबिनमध्ये जास्त लवकर साचले आणि बाहेर पडायला मिळणारा वेळ त्यामुळे बहुधा कमी झाला.

म्हणून माणसं बसतात त्या जागेसाठी नियम असा की हवा वाहती ठेवायची. आगीला थोडा जास्त ऑक्सिजन मिळेल, पण विष पातळ होईल. विमानातल्या आगीत ज्वाळेच्या आधी वायू मारतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो, आणि सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही.

सामानकक्षाचा नियम बरोबर उलटा. तिथे माणसं नसतात, कक्ष बंदिस्त असतो, त्यात धूर ओळखणारी यंत्रं आणि आग विझवणाऱ्या हॅलॉन वायूच्या टाक्या असतात. तिथे हवेचा पुरवठा तोडायचा आणि हॅलॉन सोडायचा. हवा चालू राहिली तर हॅलॉनच वाहून जाईल. एकाच विमानात दोन मजल्यांवर दोन परस्परविरुद्ध नियम, आणि वैमानिकाला धूर नेमका कुठला हे कळायच्या आत त्यातला एक निवडायचा असतो. खाली बसून चूक-बरोबर ठरवणं आपल्याला सोपं जातं.

तिसरी भानगड प्रवाहाच्या दिशेची. 2 सप्टेंबर 1998 ला न्यू यॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर 111 मध्ये कॉकपिटमध्ये विचित्र वास आला. वैमानिकांना वाटलं, एअर कंडिशनिंगचं काहीतरी असेल. खरं तर छताच्या वर तारांतून ठिणगी पडून इन्सुलेशनचं आवरण पेटलं होतं. चेकलिस्टप्रमाणे त्यांनी केबिनची वीज तोडली. वीज तोडल्यावर हवा परत फिरवणारे पंखे थांबले. आणि पंखे थांबल्यावर छतावरच्या पोकळीतला प्रवाह फिरला आणि आग कॉकपिटच्या दिशेने ओढली गेली. पहिल्या वासापासून साधारण 21 मिनिटांत विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, 229 जण गेले. वैमानिकांनी चुकीचं काही केलं नव्हतं. वर पाहिलं तसं, पंखे बंद करणं हा एरवी शहाणपणाचा उपाय. आग छतात असेल तर तोच घात करतो, हे तेव्हा चेकलिस्ट लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात नव्हतं.

पिवळे मास्क का नाही देत?

तो मास्क धुरासाठी बनवलेलाच नाही. केबिनमधला दाब गेला, तिथली हवा 14,000 फुटांच्या आसपासच्या उंचीइतकी विरळ झाली, की तो आपोआप खाली पडतो आणि विमान खाली येईतो तग धरायला मदत करतो. त्याच्यातून येणारा ऑक्सिजन तुटपुंजा असतो, बाकीचा श्वास केबिनच्याच हवेतून घ्यायचा; त्यासाठी मास्कला मुद्दाम झडपा ठेवलेल्या असतात. केबिनमध्ये धूर असेल तर त्या झडपांतून धूरच नाकात जाईल. शिवाय बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन डोक्यावरच्या छोट्या रासायनिक डब्यांतून तयार होतो. ते डबे कमालीचे तापतात आणि एकदा चालू झाले की बंद करता येत नाहीत. आग असताना छतात शेकडो तापलेले डबे आणि केबिनभर जादा ऑक्सिजन, हे कुणालाच नको असतं. 11 मे 1996 ला फ्लोरिडातल्या दलदलीत कोसळलेल्या व्हॅल्यूजेटच्या विमानात, जिथे 110 जण मेले, आग लागली ती सामानात चुकीने भरलेल्या अशाच जुन्या डब्यांमुळे.

मग प्रवाशांनाही क्रूसारख्या धुराच्या टोप्या द्या की, असं कुणी म्हणेल. ही मागणी जुनी आहे आणि वेडगळ तर मुळीच नाही. ऑगस्ट 1985 मध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर पेटलेल्या 737 मध्ये 55 जण मेले, त्यातले 48 धुराने. ब्रिटनच्या तपास यंत्रणेने प्रवाशांसाठी टोप्यांची शिफारस केली होती. नियामकांनी शेवटी ती मान्य केली नाही. त्यांचा मुख्य आक्षेप असा की टोपी काढणं, उलगडणं, नीट चढवणं यात जे सेकंद जातील त्यात दारातून निघून जाता येतं. जमिनीवर पेटलेल्या विमानासाठी मला तो पटतो. हवेत वीस मिनिटं धुरात काढायची असतील तर तितकासा पटत नाही.

हवाच काढून टाकली तर आग विझणार नाही का?

प्रश्न हुशारीचा आहे, आणि मालवाहू विमानांत असं करतातही. मुख्य मजल्यावर आग लागली की विमान 25,000 फुटांच्या आसपास नेऊन दाब सोडून द्यायचा, म्हणजे विरळ हवेत आग मंदावते. वैमानिक मास्क लावून बसतात. प्रवासी विमानात हे करता येत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे.

पण मालवाहू विमानातही ही युक्ती हमखास नाही. 3 सप्टेंबर 2010 ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या बोइंग 747 मध्ये मुख्य मजल्यावर मोठ्या प्रमाणात लिथियम बॅटरी होत्या. आग लागल्यावर वैमानिकांनी चेकलिस्टप्रमाणे तीनपैकी दोन पॅक बंद केले. तिसरा चालू राहून कॉकपिटमध्ये दाब ठेवणार आणि धूर बाहेर रोखून धरणार, अशी योजना होती. तो तिसरा पॅकही बंद पडला. मग कॉकपिटकडे जाणारा धूर अडवायला काही उरलंच नाही. वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनात, रेडिओचे आकडे दिसेनात. दोघेही गेले. आग मालात होती, पण विमान पाडलं ते कॉकपिटमधला हवेचा एक झोत थांबल्याने, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

शेवटी उतरायचंच

स्विसएअरच्या तपासात कॅनडाच्या तपास मंडळाने 1967 ते 1998 या काळातल्या 15 आगी तपासल्या. आगीची पहिली खूण मिळाल्यापासून विमान हातचं जाईपर्यंत कमीत कमी 5 मिनिटं लागली होती, जास्तीत जास्त 35. धूर काढायच्या चेकलिस्टची पानं एकेक करत वाचायला यातली बरीच मिनिटं खर्ची पडू शकतात. म्हणून आताच्या चेकलिस्टवर सुरुवातीलाच विमान जवळच्या विमानतळाकडे वळवायचा विचार करा असं असतं. मास्क चढवायचा, नाक वळवायचं, आणि बाकीचं जाता जाता. धूर निघून गेला तरी आग विझल्याची खात्री पटल्याशिवाय पुढचा प्रवास नाही.

टेकल्यावरही काम संपत नाही. आतला दाब उरलेला असेल तर दार उघडत नाही, म्हणून तो आधी शून्यावर आणावा लागतो. इंजिनं बंद करावी लागतात, नाहीतर उतरणारी माणसं त्यांच्या झोतात सापडतील. आणि दार उघडणं म्हणजे कोंडलेल्या गरम वायूंना ताजी हवा देणं. सिनसिनाटीला ते साठ ते नव्वद सेकंदांत पेटले. विमान मंजूर करताना निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडतात हे दाखवावं लागतं. त्या 90 सेकंदांत कप्प्यातून बॅग काढायला थांबणाऱ्याचा हिशोब धरलेला नाही. जमिनीलगत धूर सर्वांत विरळ असतो, म्हणून वाकून जायचं, आणि एअर कॅनडाच्या त्या आगीनंतर सक्तीच्या झालेल्या खालच्या दिव्यांच्या रांगेने दार शोधायचं.

19 ऑगस्ट 1980 ला रियाधहून निघालेलं सौदियाचं विमान मागच्या सामानकक्षात आग लागल्यामुळे वळून परत आलं आणि धावपट्टीवर नीट उतरलं. उतरल्यावर ते तिथेच न थांबता धावपट्टीच्या टोकापर्यंत जाऊन वळलं, आणि थांबल्यावरही तीन मिनिटांहून जास्त वेळ इंजिनं चालू राहिली. आतून एकही दार उघडलं गेलं नाही. बाहेरच्यांनी दार उघडलं तेव्हा इंजिनं बंद होऊन सुमारे 23 मिनिटं झाली होती. आत 301 जण होते. एकही वाचला नाही.